तीन ठिपक्यांचं मॅगझिन

आज सकाळी खिडकीचा पडदा सारला तर समोरचं घर गायब. डॅन्यूबवरून धुकं आलं होतं. जर्मनीत इंगोलश्टाटच्या आसपासच्या गावांत ऑक्टोबर असाच येतो, कुणाला न विचारता, आणि मग पार फेब्रुवारीपर्यंत मुक्काम ठोकतो. गाड्यांचे दिवे दिसतात, गाड्या दिसत नाहीत. बेकरीचा वास येतो, बेकरी सापडत नाही. अशा दिवसांत इथल्या मराठी मंडळींना घरची दिवाळी आठवते आणि ग्रुपवर चकलीच्या भाजणीची चौकशी सुरू होते. मला मात्र मेण आठवतं. रायफलच्या बारक्या गोळीच्या टोकाला चोपडलेलं असतं, ते मेण. आणि त्याच्या पाठोपाठ शिलाई मशीनच्या तेलाचा वास, जो इतका हलका असतो की दुसऱ्या कुणाला आलाही नसता.

चार वर्षं झाली त्याला. त्या एका शरदात मी माझ्या बायकोवर जळलो. थोडाथोडका नाही, चांगला धुमसत होतो. नवऱ्यानं बायकोवर जळावं का, असा प्रश्न तेव्हा पडला नाही. जळत असताना प्रश्न पडत नाहीत, सगळी उत्तरंच सुचतात.

मुग्धा पुण्यात ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. माझी नोकरी इथं, म्हणून लग्नानंतर ती इथं. पहिली काही वर्षं तिनं या गावात काय केलं असेल तर वाट पाहिली. भाषेच्या कोर्सची, डिग्री मान्य झाल्याच्या पत्राची, आमच्या मुलीच्या, ईराच्या, किंडरगार्टनच्या जागेची आणि संध्याकाळी माझ्या गाडीची. मी घरी यायचो तेव्हा ती दारात असायची. दिवसभरात तिच्याशी धड बोललेला मी पहिला माणूस असायचो. मला ते आवडायचं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आवडायचं.

मग गावच्या जत्रेत ईराला एक निळं अस्वल हवं झालं. छऱ्याच्या बंदुकीनं पांढऱ्या नळ्या फोडायच्या आणि अस्वल घ्यायचं, असा तो ठेला. मी दोनदा पाळी घेतली आणि ठेल्याच्या मागच्या ताडपत्रीशिवाय कशालाच धक्का लावला नाही. मुग्धानं कोट काढून माझ्या हातात दिला, बंदूक खांद्याला लावली, आणि एकेक करून पाचही नळ्या फोडल्या. घाईसुद्धा केली नाही.

"अगं, हे कुठं शिकलीस?"

"एनसीसीत. फायरिंगला होते ना मी. बायोडेटात लिहिलं होतं."

आमचं लग्न बायोडेटा बघूनच ठरलेलं. मी त्यातला फोटो पाहिला असणार आणि उंची.

आमच्या मागे एक म्हातारा उभा होता, हिरव्या जाकिटातला, मिशीवर बिअरचा फेस. योझेफ ह्यूबर. गावात सगळे त्याला सेप म्हणतात. सत्तरी ओलांडलेला, जन्मभर टूलमेकर म्हणून काम केलेला, आणि गावच्या शूट्सनफेराइनचा, म्हणजे नेमबाजी मंडळाचा, वाफेनवार्ट. मंडळाच्या बंदुकांची देखभाल त्याच्याकडे, त्यांच्या कपाटाच्या किल्ल्या त्याच्या पट्ट्याला. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मुग्धाला म्हणाला, "गुरुवारी, सहा वाजता." आणि ती गेली.

दोन आठवड्यांत ती त्याला सेप म्हणायला लागली आणि अरेतुरे करायला लागली. मी कंपनीत नऊ वर्षं काढली होती आणि माझ्या साहेबांना अजून अहोजाहो करत होतो. तिच्या बोलण्यात इथल्या गावठी बोलीचे शब्द यायला लागले. बेकरीतली बाई तिला नावानं हाक मारायची. मी बरोबर असलो की माझ्याकडं बघून विचारायची, "हा तुझा नवरा का?" या गावात तिला मी आणलं होतं. भाड्याच्या करारावर सही माझी होती. आणि आता मी तिचा नवरा झालो होतो.

पण खरा काटा बोचला तो ईरामुळे. ती तेव्हा सात वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. एका गुरुवारी शेजारच्या मुलीबरोबर ती मंडळाच्या वरच्या हॉलमध्ये गेली होती, आल्यावर बूट काढता काढता म्हणाली, आई तिथं वेगळीच हसते. मी विचारलं, वेगळी म्हणजे कशी? तिनं खांदे उडवले. "जा, लाउट," म्हणाली. म्हणजे हो, मोठ्यानं.

पुढच्या गुरुवारी मी मुग्धाला आणायला मुद्दाम लवकर गेलो. नेमबाजीची खोली तळघरात आहे. जिन्यात कोंदट उबेचा वास, ओल्या कोटांचा, जळलेल्या दारूचा आणि मेणाचा. पाचव्या-सहाव्या पायरीवर असताना ते हसू ऐकू आलं. अगदी पोटातून आलेलं, मध्येच श्वास पुरेनासा होणारं. आमच्या घरात हे हसू कधी आलं नव्हतं. मी तिथंच थांबलो, दोन मिनिटं, आणि मग पायांचा आवाज करत खाली गेलो. मला पाहून ती म्हणाली, "अरे, आलास?" हसू आवरलेलं होतं.

त्याच दिवसांत मंडळाची सेल्फलोडिंग रायफल अडकायला लागली. या रायफलला प्रत्येक गोळीमागं हातानं काही ओढावं लागत नाही. गोळी सुटली की आतला बोल्ट आपोआप मागं जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, आणि पुढं येताना मॅगझिनमधली, म्हणजे खाली बसवलेल्या गोळ्यांच्या डबीतली, पुढची गोळी ढकलत नळीत बसवतो. निदान बसवायला हवी. ही रायफल सात-आठ गोळ्या नीट घ्यायची आणि नवव्या-दहाव्याला हटून बसायची. गोळीचं टोक नळीच्या खालच्या कडेवर आपटायचं आणि बोल्ट अर्ध्यातच थांबायचा. काही आठवड्यांनी, एका रविवारी, मंडळाची स्पर्धा होती आणि तिच्यातून जिल्ह्याला जाणारा संघ निवडायचे. मुग्धाचं नाव त्या संघासाठी घेतलं जात होतं. गावातल्या कुणाच्या घरात जन्म न घेता त्या संघात गेलेलं तोवर कुणी नव्हतं. तिनं हे मला एकदाच सांगितलं, कांदा चिरताना, माझ्याकडं न बघता.

आता एक सांगायला हवं. अडकणं हे माझं पोट भरण्याचं साधन आहे. मी गाड्यांचे सुटे भाग जोडणाऱ्या एका लाइनवर प्रोसेस इंजिनिअर आहे. तिथं हजारो स्क्रू एका अरुंद पट्टीवरून एकामागून एक सरकत येतात आणि मध्येच कुठंतरी एक आडवा होऊन सगळ्यांना अडवतो. तो का आडवा झाला, हे शोधायला मला बोलावतात. म्हणजे अख्ख्या गावात या कामाला माझ्याइतका लायक माणूस नव्हता. आणि मला कुणी विचारलं नाही.

मीच जेवताना विषय काढला. "स्प्रिंग ढिली झाली असेल. नाहीतर गोळ्यांचा डबा बदला, वेगळ्या कंपनीच्या घ्या. नळीच्या तोंडाशी मेण साठलं असेल. किंवा मॅगझिनच्या ओठांना बाक आला असेल. बोल्ट पुरता मागे जातोय का ते बघितलं का?"

"सेप म्हणतो, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाहीतर कशानं बरं झालं ते कळतच नाही."

"हे मला माहीत आहे गं. मी दिवसभर हेच करतो."

"मग आत्ता पाच का सांगितल्यास?"

तिनं वरण वाढलं.

तिची पद्धत बघण्यासारखी होती आणि मी ती बघायचो, पेपर आडवा धरून. रायफल अर्थातच मंडळाच्या कपाटात असायची. रिकामी मॅगझिनं मात्र ती सफाईसाठी घरी आणायची. तीन होती. तिनं त्यांच्या बुडाशी नेलपॉलिशचे ठिपके दिले, एकाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. एक वही केली. कुठलं मॅगझिन, कुठल्या डब्यातली गोळी, कितवीला अडकलं. गोळ्या बदलल्या, फरक पडला नाही. नळी साफ केली, फरक नाही. मग वहीतूनच दिसलं की रायफल अडकते ती तीन ठिपक्यांच्या मॅगझिनला, बाकी दोघांना कधीच नाही. तिला वर्गात उत्तर सापडलेल्या मुलीसारखा आनंद झाला. बोलताना ओठाला काजळी लागली होती.

पुढच्या गुरुवारी सेपनं ते मॅगझिन चिमट्यात धरलं. त्याचे वरचे दोन पत्र्याचे ओठ, जे गोळीला नीट कोनात धरून ठेवतात, त्यातला एक जरासा उघडला होता. त्याचे हात आता थरथरतात. मुग्धा बॅटरी धरून उभी होती. ती मला सांगत होती, "श्री, हात असे थरथरत होते, आणि चिमटा पत्र्याला लागला ना, की एकदम स्थिर. एवढासा दाबला. केसाएवढा. मग पन्नास गोळ्या काढल्या, एकही अडकली नाही." रविवारी ती हेच मॅगझिन वापरणार होती. दुसरी दोन चांगली असताना. का, असं मी विचारलं नाही, कारण मला कळलं होतं. ते म्हाताऱ्यानं तिच्यासाठी दुरुस्त केलं होतं.

मी म्हणालो, "अच्छा."

मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला, त्याच्या चिमट्याचा वाटला, तिनं धरलेल्या बॅटरीचासुद्धा वाटला. माझ्या एकाही कामाचं वर्णन तिनं कधी असं केलं नव्हतं. मीही तिला कधी बॅटरी धरायला बोलावलं नव्हतं म्हणा. पण हे मागाहून सुचलेलं शहाणपण.

त्या वर्षी खंडेनवमी स्पर्धेच्याच आठवड्यात आली. आमच्या घरी खंडेनवमी चुकत नाही. वडील त्या दिवशी विळीपासून सायकलच्या चेनपर्यंत सगळं बाहेर काढायचे, पुसायचे, तेलाचं बोट फिरवायचे आणि कुंकू लावून झेंडूचं फूल वाहायचे. वर्षभर राबणाऱ्या वस्तूंचा एक दिवस. तेल म्हणजे शिलाई मशीनचं, चोचीच्या छोट्या बाटलीतलं. आईनं तशी एक बाटली माझ्या बॅगेत घालून दिली होती आणि इथं दाराच्या बिजागरीपासून ईराच्या स्कूटरपर्यंत कुरकुरणाऱ्या सगळ्यावर तोच उपाय चालायचा.

सकाळी मुग्धा कोर्सला निघताना दारातून म्हणाली, "माझी मॅगझिनं पण ठेव रे पूजेत. कुंकू बाहेरून लाव हं, आत नको." संध्याकाळी सरावाला जाताना ती मंडळात परत न्यायची होती.

मी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. माझा व्हर्नियर, स्क्रूड्रायव्हरचा संच, लॅपटॉप, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, ईराची कात्री. आणि शेवटी तीन मॅगझिनं. पहिल्या दोघांच्या पाठीवर कुंकवाचं बोट टेकवलं. तिसरं हातात घेतलं. त्याचा तो दुरुस्त केलेला ओठ बघितला. सुंदर काम होतं. मला त्यात काही खोट काढता आली नाही. मग मी अंगठ्यानं आतली पट्टी दाबली आणि बाटलीची चोच आत घालून चार थेंब सोडले.

माझ्या लाइनवर, स्क्रूच्या पट्टीच्या वर, मीच टाइप करून चिकटवलेली सूचना आहे: इथं तेल घालू नये. तेलानं एक-दोन दिवस सगळं लोण्यासारखं चालतं. मग त्यावर धूळ बसते, कीस बसतो, आणि त्याचा लेप होतो. मॅगझिनमध्ये तर मेण आणि काजळी आधीच असते. हे मला माहीत होतं. या देशात ते माझ्याइतकं नीट माहीत असलेली माणसं फार नसतील. तरी मी स्वतःशी म्हणालो, पूजा आहे, पद्धत आहे. माझ्या बोटांना कुंकू होतं आणि तेही थोडं आत गेलं. मी हात जोडले.

मला काय हवं होतं, ते पुष्कळदा तपासून पाहिलंय. ती हरावी असं नव्हतं मनात, अगदी शपथेवर. म्हाताऱ्याची दुरुस्ती फसावी, ती हिरमुसून घरी यावी, वही माझ्यापुढं ठेवावी आणि म्हणावी, तू बघ ना रे एकदा. एवढंच हवं होतं. एवढंच, असं मी म्हणतोय खरा.

त्या संध्याकाळी सरावातून ती खुशीत आली. पाचच गोळ्या काढून पाहिल्या होत्या, झकास चालल्या. चाललेल्या गोष्टीला हात लावायचा नाही म्हणून मॅगझिन तसंच सेपच्या कपाटात ठेवून आली होती. मी चहा केला.

रविवारी धुकं इतकं होतं की रस्त्याकडेचे बिअरसाठी लागणाऱ्या हॉपच्या मळ्यांचे उंच खांब जवळ आल्याशिवाय दिसेनात. वेल उतरवलेले, नुसते खांब आणि तारा. मंडळाच्या तळघरात काचेमागं बसून आम्ही बघत होतो. पाच गोळ्या, ठरावीक सेकंद. मुग्धानं पहिली सुटली तशी दुसरी सोडली. तिसऱ्याला आवाज आला नाही. तिनं रायफल समोरच रोखून ठेवली, डावा हात वर केला आणि म्हणाली, "श्टोरुंग." अडथळा आलाय, असं सांगायची ती रीत. आवाज अगदी शांत होता. देखरेखीवरचा माणूस आला, पाहून गेला, तिनं मॅगझिन काढलं, परत घातलं. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीला तिनं एक ठिपक्याचं मॅगझिन घेतलं आणि सगळे नेम लागले. पण गेलेले गुण गेले होते. संघात दुसऱ्याच कुणाचं नाव लागलं.

वर हॉलमध्ये सूप आलं. सेप खाली मान घालून मॅगझिन बघत होता. त्यानं आतली पट्टी दाबली, बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरलं. काळा चिकट लेप, आणि त्यात लालसर कण.

"रोस्ट," तो म्हणाला. गंज.

टूलमेकर माणूस, त्याचं कपाट, त्याची किल्ली, आणि आत गंज. "मी चिमटा लावला तेव्हाही असणार. मला दिसला नाही," तो म्हणाला. नंतर त्यानं चष्मा काढून पुसला, परत लावला, पुन्हा बोटाकडं पाहिलं. "आल्झो, तर मग," तो म्हणाला, "पुरे झालं आता. गुरुवारी सातच्या बैठकीत किल्ल्या देऊन टाकतो. डोळेही गेले आणि हातही." मुग्धानं त्याच्या बाहीवर हात ठेवला. "सेप, नको." त्यानं तिचा हात थोपटला आणि बाजूला केला.

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, मागितलं त्याच्यापेक्षा जास्त. मी फक्त गप्प बसायचं होतं. ते मला चांगलं जमतं.

सोमवारी, मंगळवारी मी कामावर गेलो. त्या सूचनेखालून जाताना वर बघायचं टाळलं. घरी मुग्धा सगळं वेळच्या वेळी करत होती, ईराचा अभ्यास घेत होती, माझ्याशी नीट बोलत होती. वही तिनं माझ्यापुढं ठेवली नाही. तू बघ ना रे, असं म्हणाली नाही. बुधवारी संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ती दारात होती, पूर्वीसारखी. चेहऱ्यावरही पूर्वीसारखंच काहीतरी होतं. वाट बघणारं. मला वाटायचं मला ते आवडतं. त्या दिवशी मला त्या दारातून आत जाववेना.

गुरुवारी मी म्हणालो, "मी येतो आज."

"ये," ती म्हणाली.

सेप कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला होता. किल्ल्या त्यानं पट्ट्यावरून काढून, पुसून, एका फडक्यावर मांडल्या होत्या. बैठकीला अजून वीसेक मिनिटं होती. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. माझं जर्मन ऑफिसातलं, त्यात मशीनबद्दल सगळं बोलता येतं आणि माणसांबद्दल फारसं काही नाही.

"ह्यूबरसाहेब, तो गंज नाही. ते कुंकू आहे."

कुंकू म्हणजे काय, ते त्या हॉलमध्ये सांगणं सोपं नव्हतं. वर्षातून एकदा आम्ही हत्यारांचे आभार मानतो, लाल पूड लावतो, तेल लावतो. ती पूड माझ्या बोटांची. तेलही मीच घातलं, आत.

तो ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "मुद्दाम?"

इथून मला सुटता आलं असतं. परदेशी माणूस, देवाधर्माची पद्धत, चूक झाली. त्यानं मानलं असतं, त्याला मानायचंच होतं. मागं मुग्धा उभी आहे हे मला न बघताही कळत होतं.

"हो," मी म्हणालो. "मुद्दाम."

"का?"

"माझी बायको तुमच्याकडं हसते. घरी नाही हसत."

लहान मुलानं बोलावं तसं ते वाक्य त्या हॉलमध्ये पडलं. पलीकडच्या टेबलावर पत्ते खेळणारे थांबले. सेपनं मॅगझिन उचललं, आत बोट घातलं, बोट नाकाशी नेलं, दिव्याखाली धरलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"गंज नाही," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा, स्वतःशी, "गंज नाही." त्याचे डोळे भरून आले होते. माझ्यावर रागवायचं तर त्याला सुचलंही नव्हतं, आधी त्याला त्याचे हात परत मिळाले होते. त्यानं किल्ल्या उचलून पट्ट्याला अडकवल्या. मग माझ्याकडं पाहिलं आणि ज्या फडक्यावर किल्ल्या होत्या ते माझ्या हातात दिलं.

"कोरडं," तो म्हणाला. "मॅगझिन नेहमी कोरडं. तिन्ही पुसायची. दर गुरुवारी. मी थांब म्हणेपर्यंत."

संघाचं काही बदललं नाही. लागलेला निकाल लागला, असं मंडळाच्या अध्यक्षांनी सांगितलं, आणि मुग्धानंही वाद घातला नाही. तिची संधी त्या वर्षी गेली ती गेली.

परतताना गाडीत मी वायपर लावले आणि विचारलं,

"तुला कधी कळलं?"

"रविवारीच. कुंकू आणि गंज यातला फरक मला कळणार नाही का?"

"मग बोलली का नाहीस?"

"सात वाजेपर्यंत थांबले होते. सातला मीच सांगणार होते त्याला."

"आणि मग?"

ती समोरच्या धुक्याकडं बघत होती. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, श्री. आधी मॅगझिन बदललं. पुढचा नंबर तुझा होता."

ती हसली नाही. मीही हसलो नाही, कारण हे हसण्यावारी न्यायचं नाही एवढं मला कळलं.

सेपनं अजून थांब म्हटलेलं नाही. दर गुरुवारी मी तळघरात बसून तीन मॅगझिनं पुसतो. सेप आता फारसा खाली येत नाही, गुडघे धरतात, पण वरून ओरडून विचारतो, "ट्रोकन?" कोरडं आहे ना? मीही खालून ओरडतो, "ट्रोकन!" मुग्धा पुढच्याच वर्षी संघात गेली, डिग्रीचं पत्रही आलं, आता ती शाळेत शिकवते. वरच्या हॉलमधून तिचं हसू जिन्यातून खाली येतं, आणि आजही, चार वर्षांनंतरही, माझ्या हातातलं फडकं क्षणभर थांबतं. हेवा गेला असं मी सांगणार नाही. तो दर शरदात या धुक्याबरोबर येतो आणि माझ्या शेजारी बाकावर बसतो. मी पुसत राहतो. घरी ती कधी कधी तशी हसते. मोजत नाही मी. म्हणजे, न मोजायचा प्रयत्न करतो.

खंडेनवमीही आम्ही करतोच. त्या पहिल्या वर्षानंतर मला वाटलं होतं की तिची मॅगझिनं आता पूजेत येणार नाहीत. पुढच्या वर्षी तिनं स्वतः टेबल मांडलं. व्हर्नियर, सुऱ्या, कात्री, तीन मॅगझिनं. कुंकवाची वाटी ठेवली आणि वाटीशेजारी, सगळ्यांच्या मधोमध, ती चोचीची बाटली. "बाहेरून लाव," एवढंच म्हणाली आणि मला तिथं सोडून आतल्या खोलीत निघून गेली. दार लावून घेतलं. मी कुंकू लावलं. ती बाहेर आली, तीन ठिपक्यांचं मॅगझिन उचललं, नाकाशी नेऊन वास घेतला, आणि मग पिशवीत ठेवलं. त्यानंतरची दोन वर्षंही तसंच. तीच बाटली, तेच बंद दार, तोच वास घेणं. तिला तेवढा हक्क होता.

या वर्षीची खंडेनवमी गेल्या आठवड्यात झाली. बाहेर धुकं, टेबलावर झेंडू, बाटली आपल्या जागी. मुग्धा आत गेली, दार लावलं. मी कुंकू लावून बाजूला झालो आणि वाट बघत उभा राहिलो. ती आली, घाईत होती, ईराला सोडायचं होतं. तिनं तिन्ही मॅगझिनं एकदम उचलली आणि वास न घेता पिशवीत टाकली.

मग दारातून म्हणाली, "ती बाटली ठेवून दे रे जागेवर. उगाच सांडायची."